खळीचं बसस्टँड

छप्पर मी दोन्ही हातांनी उचललं, आतली खोली परीक्षकांना नीट दिसावी म्हणून मॉडेल थोडं त्यांच्याकडे वळवलं, आणि आतून झुरळ निघालं. घाईत नाही, निवांत. पाजायला बसणाऱ्या बाईसाठी मी पुठ्ठ्याचा बाक केला होता. त्याच्या पाठीवर ते चढलं, मिशा हलवून त्यानं उजेड चाचपला, आणि त्याच्यामागून तिळाएवढी पिल्लं भिंतीच्या फटीतून सांडल्यासारखी टेबलावर पसरली. बाहेरून आलेल्या परीक्षकांनी खुर्ची मागं ओढली. आमचे विभागप्रमुख रामलिंग सर ‘अरे, अरे, शी’ म्हणाले. मागं उभ्या पोरांत कुणीतरी हसलं. मी छप्पर हातात धरून तशीच उभी, आणि मला नवल याचं वाटत होतं की किळस झुरळाची येत नव्हती. झुरळं घरात रोज मारते, चपलेनं, लेकीला, रेऊला, कडेवर घेऊन. किळस आली ती त्याच्याबरोबर वर आलेल्या वासाची. ओल, फिनेल, जुनी लघवी आणि आंबलेला मैदा. तो वास मी पुठ्ठ्याच्या चार भिंतींत घालून, वर झाकण लावून, या थंड हॉलमध्ये पांढऱ्या टेबलावर आणून ठेवला होता, आणि आता स्वतःच्या हातानं झाकण काढलं होतं.

मैदा माझाच. सगळी पोरं ज्या सोल्युशननं मॉडेल चिकटवतात त्याचा वास डोक्यात जातो, आणि मॉडेल मी केलं नांदेडला, सासरी, स्वयंपाकघराशेजारच्या खोलीत, जिथं रेऊ जमिनीवरून रांगते आणि दिसेल ते तोंडात घालते. पुठ्ठ्याचा कपटा, पेन्सिलीची साल, माझी केसांची पिन. तिच्या ओठाला ते सोल्युशन लागलं तर, या एका ‘तर’नं माझी झोप उडवली होती. मी रात्री उठून तिचे हात हुंगायचे. शेवटी मी खळ शिजवली. पातेल्यात मैदा, पाणी, चिमूटभर मोरचूद घालतात तो घातला नाही, कारण तो विषारी. शाळेत आई पुस्तकांना कव्हर घालताना करायची तशी, चमचा उभा राहील अशी. भिंती मस्त बसल्या. रेऊनं एक भिंत चाटली तेव्हा मी हसलेसुद्धा. मोरचूद किडीसाठी असतो हे मला माहीत होतं, पण किडीपेक्षा मला रेऊचं तोंड मोठं दिसत होतं. पाच वर्षं मटेरियल शिकले आणि बसस्टँड बांधलं भाकरीच्या भावकीतल्या पदार्थानं.

होय, बसस्टँड. नायगावसाठी, कागदावरचं. आमची डिग्री आर्किटेक्चर आणि इंटिरियर दोन्हीची मिळून एकच, म्हणून शेवटच्या परीक्षेला एकाच इमारतीची दोन अंगं दाखवायची असतात. आधी बाहेरून, मग छप्पर उचलून आतून. मॉडेल लातूरला पंधरा दिवस आधीच आणलं ते मांडीवर ठेवून, एसटीत. कंडक्टरनं विचारलं, “हे काय हाय म्हनायचं, ताई?” मी म्हटलं, बसस्टँड. “घ्या! स्टँड तुमच्या मांडीवर, मग आमी गाडी कुठं लावावं?” सगळी गाडी हसली. मीही हसले, आणि तेवढ्यात कुर्त्यावर दुधाचा डाग उमटायला लागला म्हणून मॉडेल आणखी जवळ ओढलं. कॉलेजात पोचल्यावर ते ठेवायचं कुठं, तर तिसऱ्या मजल्यावर, जिथं सगळ्यांची मॉडेलं ठेवतात. लेडीज टॉयलेटमध्ये.

लेडीज टॉयलेट म्हणजे नुसती पाटी. पाणी नाही म्हणून ते बंद झालं, बंद आहे म्हणून त्यात सामान ठेवलं, आणि सामान आहे म्हणून आता ते उघडता येत नाही. लातुरात पाण्याचं नाव काढलं की कुणी वाद घालत नाही, मान हलवतात. आत दरवर्षीची मॉडेलं एकावर एक रचलेली. भांड्यावर फळी टाकून त्यावर कुणाचं तरी म्युझियम, बेसिनमध्ये कुणाची वसाहत. दाराबाहेर भिंतीवर फ्रेम केलेली एक शीट लटकते, टॉयलेट डिटेल, तिसरं वर्ष, उत्कृष्ट. ती माझी आहे. फरशीचा उतार कुणीकडे, वास अडवणारा ट्रॅप कुठं, खिडकी किती उंचीवर म्हणजे वारा येईल आणि नजर येणार नाही. लग्नाआधी काढलेली. तिच्या कोपऱ्यातली माझी सही इतकी टोकदार आहे की मला ती दुसऱ्याच मुलीची वाटते, आणि त्या मुलीची सुद्धा मला अलीकडे किळस येते. तिला वाटायचं, नीट काढलं की नीट होतं.

“कशाचे डाग आहेत हे?” परीक्षकांनी पेनाच्या टोकानं भिंत दाखवली. भिंत कुरतडून जाळीदार झाली होती, लेससारखी. लांबून कुणाला मुद्दाम केलेली वाटली असती. मी छप्पर खाली ठेवलं. हाताला चिकट लागलं ते कुर्त्याला पुसलं, आणि मग कुर्ताच नकोसा झाला. या बाळंतपणापासून माझं असं होतं. एका जागी घाण लागली की ती सगळीकडे लागत जाते, कपड्याला, बसायच्या जागेला, बोललेल्या वाक्याला. रेऊच्या वेळी दिवस गेले तेव्हा गुरुद्वाऱ्याच्या बाजूनं रिक्षा जाताना तुपाचा वास आला तरी मी पदर नाकाला लावायचे, आणि आत्याबाई, माझ्या सासूबाई, म्हणायच्या, “देवाच्या परसादाला नाक मुरडती, कशी पोर व्हनार हिला!” पोर चांगली झाली. वास मात्र माझ्या नाकात राहून गेले.

परीक्षक मॉडेलकडे बघायचं टाळत शीटकडे वळले. आतला देखावा दाखवणारी मोठी चकचकीत शीट, प्लास्टिकसारख्या कागदावर छापलेली. त्यात माणसं चिकटवावी लागतात. कॉलेजातली सगळी पोरं तीच माणसं वापरतात, इंटरनेटवरून घेतलेली, सोनेरी केसांच्या बाया, हातात कुत्र्याचा पट्टा, बाबागाडीत बाळ. नायगावच्या स्टँडवर अशा चारजणी कुत्री फिरवताना मी काढल्या होत्या, आणि रंगसंगती बदामी. पण पाजायच्या खोलीत, मधल्या बाकावर, तशी बाई बसवताना माझा हात थांबला होता. तिथं मी माझ्या आईचा फोटो कापून बसवला. हिरवी साडी, मांडीवर पिशवी, पाय जुळवलेले. बाया स्टँडवर बसतात तशी, आवळून.

“आणि ह्या कोण?” परीक्षकांनी विचारलं.

“युजर, सर,” मी म्हणाले. हा शब्द आम्हाला पहिल्या वर्षीच शिकवतात.

“तुम्ही ही खोली फलाटाच्या मधोमध का घेतली? टॉयलेट ब्लॉकला लागून घेतली असती तर पाइप वाचले असते. सगळीकडे तसंच असतं.”

सगळीकडे तसंच असतं, तेच तर. नांदेड ते लातूर या वाटेवरच्या एका स्टँडवर अशी एक खोली आहे, दारावर आई आणि बाळाचं चित्र. रेऊ महिन्याची असताना मी तिथं गेले होते. आत खराटे, फुटका फलक आणि पलीकडच्या मुतारीतून भिंतीतून झिरपणारी पिवळी रेघ. तिथंच खाली बसून मी तिला पाजलं, कारण ती निळी पडेस्तोवर रडत होती. पाजताना मी एका हातानं तिचं नाक झाकायला बघत होते. नाक झाकलं तर ती पिणार कशी, हे मला कळत होतं तरी. माझ्या सगळ्या प्रोजेक्टचं मूळ त्या हातात आहे. पण ते असं बोलता येत नाही. बोलायचं असतं ते दृश्यमानता, सुरक्षितता, मध्यवर्ती स्थान. मी ते बोलले. परीक्षकांनी मान हलवली, आणि मला दिसलं की त्यांना पटतंय. त्यांचा पेन मार्कांच्या रकान्याकडे गेला आणि थांबला, कारण टेबलावरून एक पिल्लू अजून चालत होतं.

आज पास होणं मला भाग होतं. मामंजींनी, सासरे शेषेराव यांनी, स्पष्ट सांगितलं होतं, जेवता जेवता, माझ्याकडे न बघता. “ह्या खेपेला झालं तर झालं. न्हाई तर बस करायचं. लेकरू अंगावर अन् माय लातूरला, लोक हासायलेत.” त्यांना आमची डिग्री कधी कळली नाही. “भिंती गवंडी बांधतो, पडदे बाई लावती. ह्यात पाच वर्सं शिकायचं काय हाय?” नवरा, भागवत, तेव्हा भाताचा घास कालवत बसला होता, कालवतच राहिला. मध्ये एक वर्ष रेऊसाठी गेलंच होतं. वर्गातली पोरं माझ्याहून लहान, मला ‘मम्मी’ म्हणतात. “मम्मी, तुमचा नंबर आला,” असं अलीझानं आज सकाळी सांगितलं, आणि मग हळूच, “अवो, ओढणी नीट घ्या, समोरून वल्लं दिसायलंय.” लातूरची, चुणचुणीत पोरगी. मी तिच्या वर्गात आले त्या पहिल्याच दिवशी तिनं मला शिकवलं होतं, कॉलेजला यायचं तर सकाळपासून पाणी प्यायचं नाही. “चहाबी अर्धाच, ताई. मग संध्याकाळपर्यंत बिनघोर.”

ते मला शिकवायची गरज नव्हती. आईनं लहानपणीच शिकवलं होतं. गावाला जायचं म्हटलं की आदल्या रात्रीपासून बाया पाणी तोडतात. कुणी तसं सांगत नाही, तांब्या फक्त पुढं सरकवत नाहीत. पण अंगावर पाजणारीला पाणी तोडून चालत नाही, आणि शुगर असलेल्या बाईला तर नाहीच. आज पहाटेच्या गाडीनं आम्ही तिघी आलो, मी, रेऊ आणि रेऊला सांभाळायला आई. गाडीत आई नको नको म्हणत होती. “तहान न्हाई गं मला.” मी ऐकलं नाही. ऊन बघ, तुझी शुगर बघ, चक्कर आली तर पोरीला घेऊन कुठं पडशील. बाटली तिच्या तोंडाशी धरून मी तिला पाजली, रेऊला पाजावी तशी, घोट मोजत. तिनं माझ्याकडे बघत सगळी प्यायली. आता ती खाली, जिन्याच्या पायथ्याशी, ओट्यावर बसली होती, रेऊ तिच्या मांडीवर.

“शिवांगी,” रामलिंग सर गोड आवाजात म्हणाले, “काल यावर चहा सांडला होता ना कुणाचा? गोडाला लागतातच किडे.” आणि परीक्षकांकडे वळून, “सर, डिझाइन चांगलं आहे पोरीचं. मॉडेलचे दोनचार मार्क कमी करू, पुढं जाऊ.” त्यांनी भुवया किंचित वर केल्या. मला दोर टाकला होता. फक्त ‘हो सर’ म्हणायचं होतं. सर वाईट नाहीत. माझ्या सुट्टीच्या अर्जावर सही करताना त्यांनी पेढे मागितले होते. मी तोंड उघडलं. ‘हो’ जिभेवर आलाही होता, गुळगुळीत, कोमट, दुसऱ्या कुणाच्या तोंडातून आल्यासारखा.

तेव्हा खालून रेऊ रडली. तीन मजले खालून, बारीक, पण तिचंच. छाती दगडासारखी घट्ट झाली आणि ओढणीखाली दूध सुटलं, ऊन, थांबवता न येणारं. पाझरताना मला पुन्हा तो वास आला, या वेळी मॉडेलचा नाही, माझा, आंबूस, आणि मला कळलं की आता मी ‘हो’ म्हटलं तर हा वास कायमचा माझा होईल. चहाचा डाग म्हणून नोंद होईल आणि वास माझ्याकडे राहील.

“चहा नाही, सर,” मी म्हणाले. “खळ आहे. मैद्याची.”

“खळ?” परीक्षक पहिल्यांदाच हसले. “पुस्तकाला लावतात ती?”

“हो. घरी लहान बाळ आहे म्हणून. पण खळीनं एवढं झालं नसतं. मॉडेल ठेवलं होतं लेडीज टॉयलेटमध्ये.”

“टॉयलेटमध्ये? का?”

“ते स्टोअर आहे, सर. सगळ्यांचीच तिथं असतात.”

रामलिंग सरांनी खुर्चीत बूड हलवलं. “सर, लातूरचा पाण्याचा प्रश्न आपल्याला माहीतच आहे. जेन्ट्सचं कसंतरी चालू ठेवलंय, पण…”

परीक्षकांनी माझ्याकडे बघितलं. अंगावरच्या डागाकडे बघितलं, चटकन दुसरीकडे बघितलं. “मग मुली कुठं जातात?”

“जात नाहीत, सर.”

मागं उभ्या पोरी आपापल्या पायांकडे बघायला लागल्या, जसं काही मी त्यांच्यातल्या एकेकीची साडी सर्वांसमोर फेडली होती. अलीझानं खिडकीबाहेर तोंड फिरवलं. परीक्षकांच्या समोर पाण्याची बाटली होती, निम्मी संपलेली. त्यांनी ती उचलली, झाकण लावलं, आणि टेबलाखाली ठेवली. का ठेवली, त्यांना तरी ठाऊक असेल का. मग पेननं त्यांनी काहीतरी लिहिलं आणि फार शांतपणे म्हणाले, “मॉडेल नव्यानं करा. महिन्यानं फेरपरीक्षा घेऊ. बाकी बोलण्याची ही जागा नाही.”

दाराशी रामलिंग सरांनी मला गाठलं. “झालं होतं गं तुझं. पास होतीस. काय मिळालं हे बोलून?” त्यांच्या चेहऱ्यावर राग नव्हता. झुरळ निघालं तेव्हा होता तोच भाव होता, अगदी तोच, नाकपुड्यांशी सुरू होणारा. मी तो आधीही पाहिलाय. घरात दूध पिळून मोरीत टाकते तेव्हा मामंजी मोरीवरून जाताना करतात तो. अलीझा मागून आली, माझ्या हातातलं मॉडेल घ्यायला लागली, मग हात मागं घेतला. “मम्मी, तुमाला काय गरज होती?” ती कुजबुजली. “आता सगळे आमच्याकडं बघतेत ना. कोण कवा जाती, कुठं जाती.” मी मॉडेल तिसऱ्या मजल्यावरच्या कचऱ्याच्या डब्याशेजारी ठेवलं. छप्पर परत लावलं. शीटची गुंडाळी काखेत मारून खाली उतरायला लागले. प्रत्येक वळणावर वाटत होतं की मी वरच्या हॉलमध्ये सगळ्या पोरींचं पोट उघडून दाखवलं, आणि बदल्यात कुणाचंच काही सुटलं नाही. मामंजींना काय सांगायचं याचं वाक्य जुळवत होते. जुळत नव्हतं.

आई ओट्यावर बसली होती, शीटमधल्या सारखीच. हिरवी साडी, पाय जुळवलेले. फक्त पिशवीच्या जागी रेऊ. मला बघून तिनं हात पुढं केला नाही, उठलीही नाही. एरवी मी दिसले की ती आधी उठते, मग बोलते.

“झालं का गं?”

“चल आई. सांगते वाटेत.”

“थांब जरा. बस.” ती रेऊला थोपटत राहिली. “ह्या पोरीनं घान केली माज्या अंगावर. समदी साडी वल्ली केली बघ. काय तुजं लेकरू.”

मी रेऊला उचललं. सवयीनं बोट डायपरच्या आत गेलं. मी दिवसातून शंभरदा तपासते, न तपासता राहूच शकत नाही. कोरडं होतं. कोरडं ठणठणीत, वर जायच्या आधी बदललं होतं तसं. आईच्या खालच्या ओट्यावर काळसर ओल होती, कडेपर्यंत आलेली, आणि एक थेंब पायरीवर सांडत होता. ऊन होतं तरी वाळली नव्हती. वास आला. शुगरच्या लघवीचा, गोडसर. मी ओळखला. आणि सकाळपासून, खरं तर वर्षभरापासून, जे पोटातून घशाकडे चढत होतं ते चढलं, आणि मी ते गिळलं, कारण आई माझ्या तोंडाकडे बघत होती. नाकपुड्यांकडे बघत होती. फुगतात का ते.

“हिला आता सवयच लागलीय,” मी म्हणाले. “घरी पण असंच करते. माझे किती कपडे घालवलेत हिनं.” रेऊच्या गालावर खोटी चापट मारली. “घाणेरडी कुठली.” रेऊ हसली.

“लेकरूच हाय,” आई म्हणाली, आणि तिचे खांदे थोडे खाली आले. “लेकरावर काय रागवावं.”

ओढणी काढून मी तिच्या कमरेभोवती मागून गुंडाळली, गाठ पुढं घेतली. माझा डाग उघडा पडला, तो रेऊनं झाकला. रिक्षा केली. स्टँडवर नांदेडची गाडी लागलेली होती. आई चढली पण बसेना, दांडी धरून उभी. मी गुंडाळी उलगडली आणि आतल्या देखाव्याची ती चकचकीत शीट सीटवर अंथरली, छापलेली बाजू खाली. पाणी धरत नाही असा कागद, मुद्दाम जास्त पैसे मोजून घेतलेला. आई बसली. शीट कुरकुरली. सोनेरी केसांच्या बाया, त्यांची कुत्री, बदामी भिंती आणि मधल्या बाकावर पाय जुळवून बसलेली ती, सगळं तिच्याखाली.

गाडी हलली. मी रेऊला पदराखाली, म्हणजे आईच्याच पदराखाली, पाजायला घेतलं. फोन वाजायला लागला, भागवतचा. मी उचलला.

“झालं का?” त्याच्यामागं मामंजींचा खोकला ऐकू आला.

“नाही. महिन्यानं परत जायचंय.” मी विचारलं नाही. सांगितलं. मग मी फोन ठेवला.

आई खिडकीबाहेर बघत होती. गाव मागं पडलं, उसाची ट्रॉली मागं पडली. मला वाटलं डोळा लागला.

“म्हन्जी परत यावं लागतंय का?” तिनं विचारलं.

“हो, आई.”

“मग येऊ की. पोरीला म्याच संभाळते.” तिनं कमरेची गाठ चाचपली, नीट केली. “पन तवा मला पानी पी म्हनू नको.”